सोडलेला खड्डा

९ जून

चाल, फेरी अकरावी. गिरणीमागची तुकडी: खोदकाम सुरू. ओढ्याकाठची तुकडी: खड्ड्यातच. बाकी सगळे जागेवर.

बाबा,

चाल नेहमीसारखी वर चौकटीत लिहिली आहे, ठळक आणि मोठ्या अक्षरात. नकाशाचं शीर्षक असंच लिहायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. वसतिगृहात असताना मी तुमचा हा युद्धाचा खेळ तुमच्याशी पोस्टानं खेळायला लागले तेव्हापासून मी ते मोडलेलं नाही. चौकटीखालचा मजकूर माझ्या नेहमीच्या अक्षरात, ज्याला तुम्ही मुंग्यांची रांग म्हणायचात.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. चाल होती. चालीखाली कोरं होतं. पूर्वी तिथे एखादा तरी टोमणा असायचा. 'घूस, बिळातून बाहेर ये, ऊन पडलंय.' आई गेल्यावर मी ही माती तपासायची लांबची नोकरी धरली, तेव्हापासून कोरंच येतं. उंबऱ्यात तुम्ही म्हणाला होतात, "जातेस तर जा. खड्डा सोडला की तो शत्रूचा, एवढं तरी शिकलीस ना?" शत्रू कोण, हे मला विचारायचं होतं. पण गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि तुम्ही वळला होतात.

फोन उचलायचा नाही, मग तो मोबाईलच आत्याला देऊन टाकायचा, पण टेबलावरचा अर्धवट डाव मात्र मोडायचा नाही, ही तुमची रीत. मी गेल्यावर महिन्याच्या आत तुमच्या बाजूची चाल आली, तेव्हा मी ती तीनदा वाचली. एकदा चालीसाठी, दोनदा उगाच.

आता शंका. मागच्या कार्डात तुम्ही टेकडीखालच्या तुकडीकडून गोळीबार करवलात. ती तुकडी अजून खोदते आहे. तिच्यावरच्या चकतीची 'खोदकाम सुरू' ही बाजू वर आहे, 'खड्डा तयार' ही नाही. खोदणारी तुकडी त्या फेरीत गोळी चालवत नाही आणि हलतही नाही. नियम तुमचाच आहे, पान चौथं. गडबडीत झालं असेल असं समजून मी तो गोळीबार धरलेला नाही.

इथे खोली बरी आहे. पत्र्याची आहे, पण कोरडी. नकाशा टेबलावर पसरून वर पारदर्शक शीट टाकली आहे, कारण दिवसभर ड्रिलचं यंत्र चालतं आणि सोंगट्या हलतात. खुर्च्या दोन आहेत. एक परत करायला गेले तर भांडारवाला म्हणाला, "मॅडम, खुर्च्या जोडीनंच मिळतात. एकटीची नोंद करायची सोय नाही." म्हणून दुसरी तुमच्या बाजूला ठेवली आहे. तिच्यावर मातीचे नमुने ठेवते.


२४ जून

चाल, फेरी बारावी. गिरणीमागची तुकडी: फासा पाच, खड्डा तयार. पुलाजवळची तुकडी: खोदकाम सुरू. गोळीबार नाही.

बाबा,

तुम्ही शंकेचं उत्तर दिलं नाहीत. उलट नवी चूक केलीत. टेकडीमागच्या तुकडीचा खड्डा कधीचाच तयार आहे, आणि या कार्डात ती पुन्हा खोदायला बसली आहे. तयार खड्ड्यात बसून तोच खड्डा पुन्हा खोदायचा म्हणजे एक फेरी फुकट. तुम्ही आक्रमक बाजू खेळता. तुम्ही कधी एक फेरीसुद्धा फुकट घालवलेली मी पाहिली नाही. घूस मी होते, तुम्ही नव्हतात.

आणि कार्डावर जाड स्केचपेन कशासाठी? तुमच्या पाव मिलिमीटरच्या रेघेसाठी नकाशाच्या ऑफिसातले लोक दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचे. आता ओळ उतरणीला लागली आहे. पोस्टकार्डावर रागवायचंच असेल तर शब्दांत रागवा, पेनानं नको.

इथला बोअरिंगवाला काल अहवालावर सही घ्यायला आला. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, सगळे त्याला गिरमिट म्हणतात. जमिनीला भोकं पाडतो आणि समोरच्या माणसाच्या डोक्यालाही. त्यानं नकाशा पाहिला.

"हे काय मॅडम, सापशिडी?"

"युद्ध."

"मग मारामारी कुठंय? सगळे खाली बसलेत."

"खोदतायत."

"घ्या! दिवसभर माती आणि संध्याकाळीही माती. युद्धातसुद्धा आपलंच खातं!"

सही करून त्याला घालवता आलं असतं. पण त्यानं खुर्चीवरचे नमुने स्वतःच खाली ठेवले आणि बसला. मग मी त्याला खेळ समजावला. षटकोनी घरांचा नकाशा. प्रत्येक सोंगटी म्हणजे एक तुकडी. उघड्यावर असलेल्या तुकडीवर गोळीबार झाला तर फासा जे म्हणेल ते सोसायचं. खड्ड्यात असेल तर निम्मंच. पण खड्डा मागितला आणि मिळाला असं नसतं. आधी एक फेरी नुसतं खोदायचं, तेव्हा मार खाल्ला तरी उलट मारायचं नाही. पुढच्या फेरीत फासा चार किंवा वर पडला तर चकती उलटायची, खड्डा तयार. नाहीतर अजून खोदा. मऊ मातीला एक मिळवायचा, खडकाळ जमिनीला एक वजा. हे शेवटचं कलम माझं आहे, मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही ते बारा दिवस भांडून मान्य केलंत.

"आणि हे दोन खड्डे शेजारी शेजारी आहेत, तर ह्यातला त्यातल्याला मदत करणार ना?"

"नाही. खड्डे जोडलेले नसतात. एकातून दुसऱ्यात जायचं तर वर यावं लागतं, उघड्यावर."

"मग खंदक खणा की सरळ. आतल्या आत जाता येईल."

"खंदकाला दोन्ही बाजूंनी खोदावं लागतं. दोन्ही तुकड्यांनी एकाच फेरीत सुरुवात करावी लागते."

"म्हणजे आधी बोलावं लागतं," असं म्हणून तो उठला. "तुमचा भिडू कुठंय?"

मी म्हटलं, पोस्टात.

परवा आत्याचा फोन आला होता. तिनं काळजीच्या सुरात सांगितलं की तुम्ही तिला मीठ घातलेला चहा दिलात आणि स्वतःही तोच प्यायलात. "एक अक्षर बोलला नाही गं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणतो, आजकाल साखरच अशी येते." मी म्हटलं, बाबा गंमत करत असतील. ती म्हणाली, "तुझा बाप आणि गंमत? आयुष्यात एकदा हसला होता, तेही नकाशात कुणाची चूक सापडली म्हणून."

तुम्ही लबाडी करत नाही, हे मी गृहीत धरते. मग काय करता आहात, ते एका ओळीत कळवा.


११ जुलै

चाल, फेरी तेरावी. पुलाजवळची तुकडी: फासा दोन, खोदकाम चालूच. बाकी सगळे खड्ड्यात.

बाबा,

ओळ आली नाही. चाल आली. तीत पुन्हा तोच प्रकार, खोदणाऱ्या तुकडीकडून गोळीबार. पालथ्या घड्यावर किती वेळ पाणी ओतायचं?

आत्यानं पुन्हा फोन केला. या वेळी सूर वेगळा होता. तुम्ही दार उघडून तिला "या वहिनी, अक्का अजून आली नाही" म्हणालात. ती म्हणाली, "अगं, मीच अक्का! साठ वर्षं त्याची बहीण आहे मी, आणि मला शेजारीण समजला. बोलले तेव्हा ओशाळला, मग चिडला." गॅसवर दूध उतू गेलं तरी शेजारीच उभे होतात. तिचं म्हणणं, तुमचं डोकं आता जाग्यावर राहिलेलं नाही. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी एक संस्था आहे, तिथे खोली रिकामी होते आहे. एक तारखेला सकाळी दहाला ती गाडी घेऊन येणार.

"त्यांना विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'चा अर्थ मला विचारू नकोस. आणि तू तरी कुठे आहेस इथे?"

ते मला लागलं, हे तिलाही कळलं असावं. तिनं विषय बदलून इथल्या पाण्याची चौकशी केली.

तुमच्या टेबलावर माझी सगळी पत्रं फोडून, तारखेप्रमाणे ओळीनं लावून ठेवली आहेत, असंही तिनं सांगितलं. तिनं वाचून दाखवू का विचारलं तर तुम्ही तिच्या हातातून ओढून घेतलीत. ठीक आहे. तुम्हाला उत्तर द्यायचं नाही, पण ती कुणी वाचूही नयेत. हे मी समजू शकते. मीही तेच केलं असतं.

गिरमिट आता दर बुधवारी येतो. काल त्याला एक छोटा डाव खेळायला दिला, फक्त चार-चार तुकड्या. चष्मा यंत्राच्या केबिनमध्ये विसरून आला होता. पहिल्याच फेरीत त्यानं खोदणाऱ्या तुकडीकडून गोळी झाडली. मी म्हटलं, चकती बघा. त्यानं ती हात लांब करून धरली, मग नाकाशी आणली. "मॅडम, ह्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत की!"

मी चकती त्याच्याकडून घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले. तो म्हणाला, "चुकलं का काही माझं?"

असो. आणखी एक गोष्ट, जी मी इतकी वर्षं बोलले नव्हते. तुमच्या नकाशातला ओढा चुकला आहे. पुलापासून वरच्या अंगाला उंचीच्या रेषा मोजल्या. ओढा चढावर वाहतो. जिल्ह्याचे नकाशे काढणाऱ्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती. खरं तर हे बाळबोध आहे.


२५ जुलै

चाल, फेरी चौदावी. माझी चाल नंतर कळवते.

बाबा,

तुमचं कार्ड आज आलं. चाल होती. ओढ्याबद्दल एक शब्द नव्हता.

ओढा बरोबर आहे. मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं. त्या नकाशात एक रेघ चुकीची नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. एकदा तुमच्या साहेबानं एका वळणाबद्दल नुसती शंका काढली होती, तर तुम्ही दोन दिवस रजा टाकून ती जागा पायी फिरून आलात. 'बाळबोध' हा शब्द वाचून तुम्ही गप्प बसला असतात, हे शक्य नाही. माझ्याशी जन्माचं भांडण असतं तरी नाही. एवढ्यावर तुम्ही पहिल्याच पोस्टानं चार पानं पाठवली असती.

म्हणजे तुम्ही ते वाचलं नाही. तुम्हाला वाचता येत नाही.

मी प्रयोगशाळेत बसते. एका निकालावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तुमची या वर्षाची सगळी कार्डं काढून टेबलावर मांडली. दुसऱ्या खुर्चीवरही मांडली. चुका वेगळ्या केल्या. तुमची एकही तुकडी कधी चुकीच्या घरात गेलेली नाही. पुलावरून जाताना किती लागतं, चढावर किती लागतं, सगळं बरोबर. सहा फेऱ्यांपूर्वी मी कुठे काय ठेवलं तेही तुमच्या लक्षात आहे. डोकं जागेवर नसलेला माणूस असा खेळत नाही. फासेही बरोबर आहेत. तुमच्या फाशाचे ठिपके कोरलेले आहेत, बोटाला कळतात. चुका फक्त एकाच ठिकाणी आहेत. चकतीची कुठली बाजू वर आहे, हे जिथे पाहावं लागतं तिथेच.

एका बाजूला एक बारीक रेघ, म्हणजे खोदकाम सुरू. दुसऱ्या बाजूला दोन बारीक रेघा, म्हणजे खड्डा तयार. पाव मिलिमीटर. सगळ्या तुम्हीच आखल्यात, त्या रेघांचा केवढा अभिमान होता तुम्हाला. मी शाळेत असताना म्हटलं होतं, एका बाजूला रंग लावूया. तुम्ही म्हणालात, "रंग लावायचा ज्यांना रेघ जमत नाही त्यांनी."

मग आत्याला फोन केला.

"आत्या, मिठाची आणि साखरेची बरणी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? मांडणीवर. मागच्या महिन्यात मीच सगळी मांडणी घासूनपुसून नीट लावून दिली. तुझ्या आईनं साखर खाली आणि मीठ वर, असं काहीतरी उफराटं ठेवलं होतं."

आईनं ठेवलं होतं त्या जागा तुम्हाला हातानं माहीत होत्या. आत्यानं घर आवरलं आणि तुमचा चहा खारट झाला.

"आणि तू आलीस तेव्हा तू बोलण्याआधी त्यांनी तुला वहिनी म्हटलं, की नंतर?"

"आधी. बोलले तेव्हा ओळखलं म्हणजे. का गं?"

"आत्या, त्यांना दिसत नाहीये. मोतीबिंदू असणार."

ती म्हणाली, "म्हणजे मी त्याला वेडा ठरवून निघाले होते." आणि लगेच, कारण ती आत्या आहे, "पण त्यानं सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे? डोळे दाखव म्हणून मी वर्षापूर्वी मागे लागले होते, तर म्हणाला दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरकडे चल म्हटलं तर आतून कडी घालून बसला. आता सांग, आंधळ्या माणसाला मी त्या घरात एकटं ठेवू? गॅस आहे, जिना आहे. मोतीबिंदू असो की आणखी काही, ऑपरेशनला तो तयार होणार नाही. एक तारखेला मी येणार. तुझं ऐकत असला तर तू बघ."

तिचं चुकत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही खोली ठरवली असती.

तुम्ही का सांगितलं नाहीत, ते मला विचारावं लागलं नाही. आईचंही लहानसंच ऑपरेशन होतं. संध्याकाळी घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही तिच्या चपला पिशवीत घेऊन बाकावर बसला होतात, येताना लागतील म्हणून. ती पिशवी घरी परत आणल्यावर तुम्ही कुठे ठेवलीत, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत. आपण दोघंही आपापल्या खड्ड्यात, शेजारी शेजारी.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून मी ते मुंग्यांच्या रांगेत लिहिते आहे. इथे काही लपवायचं कारण उरलेलं नाही.

मी नोकरीसाठी गेले नव्हते. फासा कोण टाकणार, म्हणून गेले. आपला एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून दोघांचाही फासा आई टाकायची. स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, टाकायची, "घ्या, मरा आता" म्हणायची आणि परत जायची. ती गेल्यावर एकदा आपण खेळायला बसलो. तुम्ही फासा माझ्याकडे सरकवलात. मी तुमच्याकडे. तो टेबलाच्या मधोमध राहिला. दुसऱ्या दिवशी मी अर्ज पाठवला.

इथे मी कुणाशी फारसं बोलत नाही. डोंगर पोखरायचा आणि उंदराचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. लोक मला शिष्ट समजतात आणि ते मला सोयीचं आहे. संध्याकाळी ड्रिल बंद पडलं की एवढी शांतता होते की मी तुमच्या बाजूच्या चालीही मोठ्यानं वाचते. तुमच्या आवाजात वाचायचा प्रयत्न केला होता. जमत नाही.

मला वाटत होतं की तुम्ही माझं प्रत्येक पत्र वाचता आणि गप्प बसता. मी ते सहन करत होते, कारण निदान वाचता तरी, असं वाटायचं. तुमच्यापर्यंत फक्त चौकट पोहोचत होती. 'खड्ड्यातच. खड्ड्यातच. गोळीबार नाही.' वर्षभर तुमच्या मुलीनं तुम्हाला एवढंच लिहिलं. आणि तुम्ही तेवढ्यावर, रेघा दिसत नसताना, अंदाजानं चाली पाठवत राहिलात. चुकलं तर मुलगी लबाड म्हणेल, हे माहीत असून. डाव मोडला असता तर पत्रंही थांबली असती, म्हणून.

ती ओळीनं का लावली आहेत, ते आता कळलं. कधीतरी दिसेल, या आशेवर असणार.

साहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "पायाच्या मातीची चाचणी तोंडावर आली आणि तुम्ही निघालात? असं काय अडलंय?" मी म्हटलं, घरची जमीन तपासायची आहे. ते म्हणाले, "अहवाल लिहून द्या." गिरमिट बाहेर उभा होता. तो म्हणाला, "जा तुम्ही. खुर्ची मी राखतो." मग थांबून, "दोन्ही."


२८ जुलै

*(कुरिअरनं. काळं, जाड मार्कर. एका पानावर तीन-चार ओळी.)*

बाबा,
आता सगळंच
चौकटीतल्या अक्षरात.

तुम्हाला दिसत नाही,
हे मला कळलं आहे.
आत्यालाही सांगितलं.
रागवा. चालेल.

तुमचं डोकं शाबूत आहे.
माझ्याकडे पुरावा आहे.
वर्षाची कार्डं.

सोबत डबा आहे.
वॉशर म्हणजे खोदकाम सुरू.
नट म्हणजे खड्डा तयार.
बोटांना कळतं. तपासलं आहे,
डोळे मिटून.

चाल, फेरी चौदावी:
गिरणीमागची तुकडी
खड्डा सोडते.
उघड्यावर.
तुमची गोळी चालवायची पाळी.

डॉक्टरकडे मी बरोबर येईन.
संध्याकाळी घरी, असं म्हणणार नाही.
ते मागेही कुणी म्हणालं होतं.
दाराशी बसेन.
तुमच्या चपला घेऊन.
तेवढं नक्की.

मागची पत्रं फेकू नका.
मी वाचून दाखवीन.
ओढा बरोबर आहे.
का ते समोर सांगते.

उंबऱ्यात तुम्ही म्हणालात,
खड्डा सोडला की तो शत्रूचा.
तसा नियम नाही.
पान पाचवं, तुमचंच अक्षर:
'सोडलेला खड्डा तसाच राहतो.
जी तुकडी आधी पोहोचेल, तिचा.'

आत्या एक तारखेला
दहाला येते.
मी आठला.

कडी काढून ठेवा.

घूस